खंड्याचे कान

"कुमुदताई, आहात का घरात?"

दुपारी दाराबाहेरून हाक आली आणि मी आधी खंड्याकडे पाहिलं. माझ्या आईला नसलेल्या माणसांच्या हाका ऐकू यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, "आईचा आजार तुम्हाला होईलच असं नाही. फक्त एकट्या राहू नका, माणसांत राहा." मी मात्र भीतीपोटी लग्न केलं नाही, कुत्रा पाळला. खंड्याने कान टवकारले तरच हाक खरी धरायची, असं इतकी वर्षं चाललं होतं.

आज त्याचे कान हलले नाहीत. पुन्हा हाक आली, तरी मी उठले नाही.

संध्याकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर शेजारच्या मंदाचं ताट होतं. झाकणाखाली गुळाच्या पोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. खंड्याच्या कानाशी जाऊन टाळी वाजवली. म्हाताऱ्याला ऐकूच आली नाही.

मुंग्या झटकून मी एक पोळी खाल्ली. ताट धुतलं, रिकामं द्यायचं नसतं म्हणून त्यात साखर घातली आणि पहिल्यांदाच मंदाच्या दारात जाऊन हाक मारली.

तिने आतून लगेच ओ दिली. तिला आधी कुणाकडे बघावं लागत नाही.