बिनआवाजाची बिअर

घशाचं ऑपरेशन झालं आणि आस्मुंडचा आवाज गेला तो गेलाच. नॉर्वेतल्या त्यांच्या खोऱ्यात नाताळची बिअर घरीच करायची, आणि तिच्यात यीस्ट टाकताना बोंब ठोकायची. बोंब जितकी मोठी, तितकी बिअर कडक. आस्मुंडची बोंब पार पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायची. यंदा त्यानं कुणालाच बोलावलं नाही. एकट्यानंच चूल पेटवली, पिंपात यीस्ट ओतलं, तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं मुकाट्यानं झाकण लावलं. तोच भिंतीमागून अशी बोंब उठली, की गोठ्यातल्या गाई धडपडत उभ्या राहिल्या. दारात चौघे म्हातारे दोस्त, पुढे हाल्वोर. “धूर दिसला! चाळीस वर्षं कडक पाजलीस, आणि आता पाणी पाजणार होय रे चोरा?” आस्मुंडनं हातानंच ‘थांबा’ म्हणून खुणावलं, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि बोट वर केलं: पुन्हा एकदा.