दोरापाशी बसलेला

मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. आभाळ पायाशी, दरी माथ्याशी, झाडं शेंड्यांवर उभी. मोजणीदाराचा डोळा त्याला सरावला होता.

समोरच्या कड्यावरून आगगाडीचा नवा मार्ग जायचा होता. तिथे त्याचा मेहुणा कमरेला दोर बांधून, हातात पट्टी धरून लोंबकळत होता. दोराचं दुसरं टोक वर झाडाला बांधलेलं. वर माणूस कुणी नव्हता.

"माझा एकुलता एक भाऊ तुमच्या हवाली," बायको निघताना म्हणाली होती.

"भाऊजी, उरका की! मी काय वटवाघूळ आहे?" मेहुणा दरीपलीकडून ओरडला.

"मला इथून तसाच दिसतोस!" मोजणीदार हसला आणि दुर्बीण दोरावरून सरकवत झाडाशी नेली.

झाडापाशी एक माणूस बसला होता. उलट्या आभाळात, उलट्या झाडापाशी, तो एकटा सुलटा.

मोजणीदाराने दुर्बिणीवरून मान उचलली. नुसत्या डोळ्यांना झाड दिसलं, दोर दिसला. माणूस नव्हता.

त्याने पुन्हा डोळा लावला. त्या माणसाचे दोन्ही हात आता दोरावर होते.

"वर ये! आत्ताच्या आत्ता!"

"येतोय की, भाऊजी," मेहुण्याचा आवाज आला. "वर कुणाला ठेवलंत? किती मायेनं ओढतोय!"