नंदलालच्या मॉरिसचा पिस्टन

जयरामनं लेथ बंद केला, पिस्टनवरून बोट फिरवलं आणि पुन्हा मायक्रोमीटर लावला. तासाभरात सातव्यांदा.

"झाला का?" दारातून नंदलालनं विचारलं.

"थंड होऊ दे. गरम असताना माप खोटं येतं."

नंदलाल बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात टॅक्सी चालवायचा. गावातली एकुलती एक टॅक्सी, जुनी मॉरिस. सोमवारी तिच्या एका पिस्टनचे तुकडे झाले. पोर्ट लुई बंदरातल्या दुकानांत तसला पिस्टन नव्हता, आणि इंग्लंडहून मागवला तर दोन महिने. इकडे शनिवारी दुपारी जयरामच्या मुलीचं, सरस्वतीचं, जहाज सुटणार होतं.

सरस्वती नर्सिंग शिकायला इंग्लंडला निघाली होती. वय एकोणीस. १९६३ साल, गावातून एवढ्या लांब कुठलीच मुलगी अजून गेली नव्हती. हे जहाज चुकलं तर तिची जागा दुसऱ्या कोणाला जाईल, असं इस्पितळाच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

"पहाटेच्या बसनं जाऊ या की," जयरामची बायको कुंती म्हणाली होती.

"एवढी पेटी घेऊन बसनं? नाही. मी पिस्टन करतो."

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो बावीस वर्षं लेथवरचा टर्नर होता. भंगारात मनगटाहून जाड असा भरीव अॅल्युमिनियमचा दांडा पडला होता. फोरमनला विचारून त्यानं तो लेथला बांधला. पाळी सुटल्यावर तीन संध्याकाळी तो उभाच होता. दांडा बाहेरून तासला, आतून पोखरला, रिंगांच्या खाचा पाडल्या, पिनेचं भोक पाडलं. पायाशी पांढऱ्या किसाचा ढीग साचला.

राहिलं शेवटचं माप. अॅल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात नेमकी केसभर फट सोडावी लागते. कमी पडली, तर चढावर इंजिन तापतं, पिस्टन जागीच आवळतो आणि गाडी तिथंच संपते. नंदलाललाही हे माहीत होतं. म्हणून तो दिवसातून दोनदा दाराशी येऊन उभा राहायचा.

गुरुवारी सरस्वती डबा घेऊन आली. लहानपणी ती याच बाकावर बसून मायक्रोमीटरचे आकडे वाचायला शिकली होती.

"बा, तू कालपण जेवला नाहीस."

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," जयराम म्हणाला. "आपलं माणूस कोणी नाही. आजारी पडलीस तर?"

"इस्पितळातच तर राहणार आहे, बा."

तो हसला नाही. त्यानं पिस्टन तेलकट फडक्यात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"नंदलालला देऊन ये."

"बसवायला तू नाही येत?"

"त्याला येतं बसवायला."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग गेली.

शनिवारी सकाळी पेटी टपावर बांधून मॉरिस निघाली. मागे कुंती आणि सरस्वती, पुढे नंदलालशेजारी जयराम. कार्तिये मिलितेर गावाचा लांब चढ सुरू झाला तसा जयराम पुढे झुकून बसला. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यावर त्याचा कान होता. दोन्ही बाजूंना ऊस, वर ऊन. त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली.

"आयो, जयरामभाई, एवढा घाबरू नको," नंदलाल म्हणाला.

मागे कुंती गणपतीचं नाव घेत होती.

इंजिन तापलं. आवाज जड झाला. जयरामनं दाराची कडी घट्ट धरली. वळण आलं, गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मग रस्ता सपाट झाला आणि मॉरिस गुणगुणत मोका गावाच्या उताराला लागली. जयरामनं डोळे मिटले, ते बंदर येईपर्यंत उघडले नाहीत.

धक्क्यावर सरस्वतीनं दोघांना वाकून नमस्कार केला. बापाचे काळे पडलेले हात तिनं आपल्या दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवले.

"दर आठवड्याला लिहीन, बा. प्रत्येक आठवड्याला."

त्याला तिच्याकडे बघवेना.

भोंगा झाला. जहाज हळूहळू लहान होत गेलं. कुंती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या पिस्टननं पोरीला वेळेवर पोचवलं." ती पाणी प्यायला नळाकडे गेली, तेव्हा जयराम गाडीच्या नाकासमोर नंदलालपाशी जाऊन उभा राहिला.

"नंदलाल, चढावर इंजिन... कुठंच आवळलं नाही?"

नंदलालनं समुद्राकडे बघितलं. जहाज आता बरंच लांब गेलं होतं.

"आता सांगायला हरकत नाही. पिस्टन जाड होता, जयरामभाई. पोरीनंच माझ्याकडच्या मायक्रोमीटरनं मोजून दाखवला. मग दोघांनी बसून एमरी कागदानं घासला. मी म्हटलं, काळजीनं तुझ्या बाचा हात चुकला असेल. तर म्हणाली, 'बाचा हात चुकत नाही, काका. जहाज सुटेपर्यंत त्याला कळू देऊ नका.'"