सगळ्यांना येणारी भाषा

"ताई, नोकरी टिकवायची असेल तर प्रोग्रॅमिंगची नवी भाषा शिकून घ्या. सगळ्या कंपन्या आता तीच वापरतात," साहेब म्हणाले. ताई पन्नाशीत ती भाषा शिकल्या. इस्पितळांच्या औषधसाठ्याचा जुना प्रोग्रॅम, जो ऑफिसात एकट्या त्यांनाच कळायचा, तो वर्षभर खपून त्यांनी नव्या भाषेत लिहून काढला.

काम संपलं त्याच आठवड्यात साहेबांनी क्लासमधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी त्यांच्या शेजारी आणून बसवली. "हिला जरा समजावून सांगा." जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुलीला सगळं उमगलं. ताईंना कौतुक वाटलं. केबिनमध्ये जाऊन त्या म्हणाल्या, "पोरगी चलाख आहे हो. पण भाषाही केवढी सोपी. उगाच नाही सगळ्या कंपन्या हिच्या मागे लागल्या."

साहेब पेनाचं टोपण कानात फिरवत होते. ते बाहेर काढून त्यांनी त्यावरचा मळ निरखला आणि टेबलावरच्या ताईंच्या फायलीला पुसला.

"बरं झालं, तुम्हीच विषय काढलात. सगळं जुन्या भाषेत होतं तोवर तुम्हाला कामावरून काढताच येत नव्हतं."