नऊ तारखांचा चौकोन

पक्षाघाताने अण्णांची वाचा गेली, त्याला महिना झाला होता. आपलं बोलणं त्यांना कळतं का, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नव्हते. शेवटी शैलजाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या पलंगावर आणलं.

लहानपणी बापलेकींचा हा खेळ ठरलेला असे. तिने तीन ओळींतल्या शेजारशेजारच्या तीन-तीन अशा नऊ तारखांभोवती पेन्सिलीने चौकोन आखायचा आणि गणिताचे मास्तर असलेल्या अण्णांनी पापणी लवायच्या आत बेरीज सांगायची. ती चिडून विचारी, "तुम्हांला कसं येतं?" अण्णा म्हणत, "ज्या दिवशी मला उत्तर सांगता येणार नाही, त्या दिवशी गुपित तुझं."

आज तिने नऊपासून पंचवीसपर्यंत चौकोन आखला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "लिहा, किती होतात?"

अण्णांनी पेन्सिल सोडून दिली आणि मधल्या सतरा तारखेवर बोट ठेवलं.

"आज सतरा नाही, सहा तारीख आहे," ती म्हणाली.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि ते सतरावर टिचक्या मारायला लागले. थांबले, पुन्हा मारल्या. दुसऱ्या खेपेला तिने मोजल्या. नऊ.

तिने घाईघाईने सगळ्या तारखांची बेरीज केली. एकशे त्रेपन्न. सतरा नवे एकशे त्रेपन्न.

मग तिने चादरीवरची पेन्सिल उचलून पुन्हा त्यांच्या बोटांत अडकवली.

"आता चौकोन तुम्ही आखा, अण्णा. बेरीज मी सांगते."