राहिलेलं नाव

उचकी थांबेना, तशी कुमुदताईंनी आठवण काढणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. लेक झाली, सून झाली, सोसायटीचा वॉचमनसुद्धा झाला.

“तुझ्या धाकट्या बहिणीचं राहिलं,” पेपरातून डोकं न काढता यजमान म्हणाले.

“माझं पुरणयंत्र नेऊन वर माझ्याशीच अबोला धरणारी ती शकू? ती कशाला माझी आठवण काढेल?” बोलता बोलता नाव तोंडून निसटलं आणि उचकी थांबली!

यजमान मिशीत हसले. ताई आणखीच चिडल्या. यंत्र तेवढं परत मागायचं, असं ठरवून त्यांनी वर्षभरानंतर फोन लावला.

“उच्... कोण, ताई?” पलीकडून शकूचा आवाज आला. “तरीच! सकाळपासून अख्ख्या गावाची नावं घेऊन झाली. तुझंच तेवढं राहिलं होतं.”