पट्टीसकट नऊ मिलिमीटर

टेबलावर सोळा फोटो होते. पंधरांच्या मागे परीक्षकांचा शिक्का बसला होता. सोळावा भगवंतरावांच्या एका हातात होता आणि दुसऱ्या हातात कटर.

"सांग लवकर," ते म्हणाले. "पट्टी कापू, का फोटो बाजूले ठेवू?"

ज्योत्स्नाने आपल्या फोटोकडे पाहिलं. फोटोत एक भिंत होती आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत गेलेली भेग. तिरप्या उन्हात भेगेची एक कड पांढरी, दुसरी काळी. शेजारी तिने स्टीलची पट्टी धरली होती, मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट दिसतील अशी. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करताना पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं. फोटोत माप हवंच.

भिंत तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीची. तिची माणिकबाई मावशी तिथे सेविका. खाली काळी माती. उन्हं वाढली की ती सुकते, आकसते आणि भिंतीला ओढते. त्या भिंतीला टेकून रोज सतरा लेकरं बसायची. खोली एकच. मावशीने बालविकास कार्यालयात तीन अर्ज दिले. तिन्हींना हाच फोटो जोडला, पट्टीसकट, खाली लिहून: नऊ मिलिमीटर. पोच तिन्हींची मिळाली, उत्तर एकाचंही नाही. आणि परवानगीच्या पत्राशिवाय लेकरं दुसरीकडे बसवली तर नोटीस मावशीलाच.

उद्या रविवारी अकोल्यातल्या या प्रदर्शनाचं उद्घाटन त्याच कार्यालयाचे मोठे साहेब करणार होते. म्हणून तिने फोटो इथे दिला होता. साहेबांना आकडा दिसावा, एवढंच.

"सर, पट्टी गेली तर भेग केवढी आहे ते कळणार कसं?"

"नाई कळत, तेच त पायजे." भगवंतराव अमरावतीचे निवृत्त चित्रकला शिक्षक होते, या प्रदर्शनाचे परीक्षक. "आकडा भेटला की माणूस पुढं जाते. पुराव्याचे फोटो पोलिसायले दे. इथं कलेचे लागतात."

तिचा फोन वाजला.

"आज पट्टी लावली मी," मावशी म्हणाली. "चौदा भरली व माय. लागला का तिथं भितीले तुया फोटो?"

"नाही अजून."

"लागन तवा खिळा हळू ठोका म्हणा. आपल्या भितीसारखी असली त पडन."

मावशी हसली. ज्योत्स्नाला हसता आलं नाही. तिने फोन ठेवला.

"कापा," ती म्हणाली.

रविवारी साहेब भराभर पुढे सरकत होते. ती भिंतीशी उभी राहून मनात सेकंद मोजत होती. मोर्शीची संत्री, तीन. चिखलदऱ्याचं धुकं, पाच. त्यांचा सहायक दोनदा घड्याळ बघून झाला होता.

मग तिचा फोटो. चार. पाच. नऊ. बारा.

"सुंदर," साहेब म्हणाले. "कुठली दरी ही?"

"दरी नाही सर. भिंत आहे."

"भिंत?" ते वाकले. नाक काचेला लागेल इतके जवळ गेले. फोटोच्या चारही कडांवरून त्यांची नजर फिरली. "मग भेग केवढी आहे ही?"

तीन अर्ज झाले, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"काल चौदा मिलिमीटर होती, सर. आपल्याच खात्याची अंगणवाडी आहे. सतरा लेकरं या भिंतीला टेकून बसतात."

सहायक म्हणाला, "सर, उशीर होतोय." साहेब हलले नाहीत.

"गाव कोणतं?"

तिने सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढला.

सोमवारी सकाळी साडेदहाला, अंगणवाडीच्या वेळेत, ज्योत्स्नाने भेगेला पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर. मग तिने खोलीतली लेकरं मोजली. शून्य.